घर आपले, नजरही आपलीच

"ताई, एकदा सवडीनं घरी येऊन जा. घर मिळालं, पण घरात बसवत नाही."

वरळीच्या एका वहिनींचा हा निरोप आला, तेव्हा मला वाटले, सोसायटीचे काही भांडण असेल, नाहीतर एखादा कागद अडला असेल. चाळीच्या पुनर्विकासात पात्रतेची कागदपत्रे जुळवताना या कुटुंबाशी माझी ओळख झाली होती. रेशनकार्ड, लाइटबिल, सासऱ्यांच्या नावाची भाडेपावती असा सगळा गठ्ठा घेऊन वहिनी माझ्या ऑफिस सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभ्या राहायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यांत हे एक घर. १६० चौरस फुटांच्या एका खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. आता आणखी काय हवे?

दिवाळीनंतरच्या रविवारी गेले. लिफ्टने वर गेले, दार उघडले आणि पाहते तो काय! पांढऱ्याशुभ्र भिंती, चकचकीत फरशी, आणि मध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. कोपऱ्यात गोणपाटात बांधलेली भांडी तशीच. गोधड्यांचे बोचके बाल्कनीच्या दारामागे लपवलेले. घरातली चार माणसे बेडरूममध्ये एकाच पलंगाभोवती दाटीवाटीने बसलेली. दोन महिने झाले तरी हॉलमध्ये कोणी बसत नव्हते.

फरशीवर एक रंगीत कॅटलॉग पडला होता. कोणी इंटिरिअरवाला येऊन गेला होता. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे लाकडी पॅनेल, भिंतीला वॉलपेपर, मॉड्युलर शोकेस असे सगळे धरून चार लाखांचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला होता. कर्जाची सोयही तोच करून देणार होता. मुलगा सहीला तयार होता. त्याला ऑफिसच्या मित्रांना घरी बोलवायचे होते आणि अशा घरात बोलवायची लाज वाटत होती. भाऊ गप्प होते. मुलगी बारावीला.

मी वहिनींना विचारले, "तुम्हाला स्वतःला घर कसं हवंय?"

त्या म्हणाल्या, "आम्हाला काय कळतं त्यातलं, ताई? आम्ही चाळीतली माणसं."

भगिनींनो आणि बंधूंनो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे.

कळत नाही, हे कोणी सांगितले?

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एका इमारतीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत सहा-सात माणसे, पाहुणेरावळे, बाळंतपणे, अभ्यास आणि लग्नाचे मांडवही पार पडले. ते कसे जमले? माळा, कॉटखालच्या ट्रंका, दाराच्या वर फळी, मोरीच्या कठड्यावर कळशी, भिंतीला घडीची खुर्ची. इंचाइंचाचा हिशेब होता, आणि तो हिशेब घरच्या बाईने केला होता. आज मोठमोठे वास्तुविशारद ज्याला जागेचे नियोजन म्हणतात ते आपल्या आई-सासवा रोज करीत होत्या. त्याचे प्रमाणपत्र मात्र त्यांना कोणी दिले नाही.

आणि ती मांडणी आठवते ना? सर्वांत वर डबे, मोठ्याकडून लहानाकडे उतरत गेलेले. मध्ये ताटे उभी. खाली तांब्या-पितळेची भांडी, चिंच लावून घासलेली. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथे जायची. आकारांची चढउतार, एकसारख्या वस्तूंची रांग आणि मध्ये एखादी चमकदार वस्तू हे सजावटीचे मूळ नियम आहेत. आपण ते पाळत होतो, फक्त त्यांना नाव दिले नव्हते.

पालघर, डहाणूकडच्या वारली स्त्रियांचे उदाहरण घ्या. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या चौक काढतात. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि पांढरा एकच रंग. ही कला कोणत्याही कॉलेजात शिकवलेली नव्हती. १९७० च्या दशकात ती भिंतीवरून कागदावर आली आणि जगभर गेली. जिव्या सोमा मशे या वारली चित्रकाराला २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज मोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर तेच वारली चित्र असते, तेव्हा ते 'स्टायलिश' ठरते. झोपडीच्या भिंतीवर होते तेव्हा त्याला कोणी तसे म्हणत नव्हते. चित्र तेच, पाहणाऱ्याची नजर बदलली.

ज्यांना पिढ्यान्पिढ्या बरे घर बांधू दिले नाही, चांगले भांडे वापरू दिले नाही, अंगावर चांगला कपडा घालू दिला नाही, त्यांच्या मनात 'आपल्याला यातले कळत नाही' हे वाक्य सहज रुजते. पण आवड रक्तातून येत नाही. ती पाहून, वापरून, चुकून आणि दुरुस्त करून येते. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिलेल्या बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते आपल्या ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्याला काय प्रिय आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि घर त्याच्याभोवती उभे राहिले. आपल्या घराचीही सुरुवात तिथूनच व्हावी. दुसऱ्याच्या हॉलमध्ये काय आहे हे मागाहून पाहू.

आधी हिशेब

मी वाणिज्य शाखेची आणि आयुष्य गेले खतावण्यांत. तेव्हा आधी कागद-पेन्सिल घेतली. चार लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत, व्याज १२ टक्के धरले तर महिन्याचा हप्ता होतो सुमारे ८,९०० रुपये. साठ हप्त्यांचे मिळून ५ लाख ३४ हजार. म्हणजे १ लाख ३४ हजार नुसते व्याज! पुढच्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी भरायची ती कशातून? छताला प्लास्टर ऑफ पॅरिसचे ताट टांगायचे आणि खाली मुलीचे शिक्षण टांगणीला लावायचे, हा कुठला न्याय? आपल्याकडे 'ऋण काढून सण' करू नये म्हणतात. घरसजावटीचेही तसेच आहे.

शिवाय घराच्या उंचीचाही विचार करायला हवा. छत साडेनऊ फुटांवर असेल आणि फॉल्स सीलिंगने त्यातले आठ-दहा इंच खाल्ले तर खोली बुटकी दिसू लागते. पैसे देऊन घर लहान करून घेण्यासारखेच ते!

आकडे पाहून भाऊ पहिल्यांदा बोलले, "सही राहू दे रे." मुलगा रुसला. त्याला म्हटले, "एक महिना दे. नाही आवडलं तर मग तुझा इंटिरिअरवाला."

पंधरा दिवस काहीच घेऊ नका

नव्या घरात गेल्यावर पहिला नियम हा. राहून बघा. सकाळचे ऊन कुठल्या खिडकीतून येते, दुपारी कोणती भिंत तापते, संध्याकाळी अंधार आधी कुठे होतो, चप्पल कुठे काढली जाते, छत्री कुठे ठिबकते, पेपर कोण कुठे बसून वाचतो हे सगळे एका वहीत लिहा. घर कसे वापरले जाते ते कळले की अर्धी सजावट आपोआप ठरते. वहिनींच्या वहीत चौथ्याच दिवशी लिहिले गेले, की हॉलच्या खिडकीपाशी सकाळी उत्तम उजेड येतो आणि मुलगी मात्र बेडरूममध्ये ट्यूबलाइट लावून अभ्यास करते. तिची जागा कोणती, हे तिथेच ठरले.

दुसरा नियम वर्तमानपत्राचा. सोफा, टेबल, कपाट घेण्याआधी त्याच्या लांबी-रुंदीची वर्तमानपत्रे जोडून जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्यांच्या कडेकडेने वावरा. माणसाला अडखळल्याशिवाय जायला निदान दोन ते अडीच फूट वाट लागते. बैठक आणि पुढचे टेबल यांत दीड फुटाच्या आसपास अंतर हवे, म्हणजे पाय मोकळे राहतात आणि कपही हाताशी येतो. मुलाला पाच जणांचा एल आकाराचा सोफा हवा होता. वर्तमानपत्रे पसरली आणि बाल्कनीत जायची वाट बंद झाली! त्याने स्वतःच एक बाजू उचलून टाकली. शंभर शब्दांनी जे पटले नसते ते रद्दीने पटवले. घराच्या आणि लिफ्टच्या दाराचे मापही आधी घ्या. दुकानात ऐटदार दिसलेले कपाट जिन्यात अडकते तेव्हा हमालही आपल्यालाच हसतात.

रंग निवडायचा कसा?

सर्वांत जास्त भीती रंगाची. आता मला सांगा, साडीवर ब्लाउज कोणता जाईल हे तुम्हाला कोण शिकवायला आले होते? साडीचे अंग एका रंगाचे, काठ-पदर दुसऱ्या आणि काठातली बारीक बुट्टी तिसऱ्या. घराचेही नेमके असेच करायचे. डोळ्यांना दिसणाऱ्या भागातला साधारण ६० टक्के भाग एका शांत रंगाचा, म्हणजे भिंती. ३० टक्के दुसऱ्या रंगाचा, म्हणजे पडदे, बैठकीचे कापड, चादर. उरलेला १० टक्के ठसठशीत, म्हणजे उशीचा अभ्रा, कुंडी, तसबिरीची चौकट. सजावटीच्या शाळांत हेच प्रमाण शिकवतात. एखादी आवडती साडी घ्या, तिच्यातले तीन रंग वेगळे काढा आणि तेच घरात आणा. वहिनींनी आपल्या लग्नातली इरकली काढली. गडद हिरवे अंग, लाल पदर, पिवळसर रेघ. भिंतींसाठी हिरवा फार गडद होईल म्हणून क्रम फिरवला. भिंतीला रेघेतला पिवळसर, पण दुधात मिसळल्यासारखा फिका, पडद्यांना हिरवा आणि उशांना लाल.

रंगाच्या दुकानातल्या छोट्या चौकोनावर विश्वास ठेवू नये. तोच रंग पूर्ण भिंतीवर जास्त गडद वाटतो. लहान डबा आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट पट्टा मारा आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्याखाली पाहा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड निळसर असतो, त्यात करडा रंग उदास दिसतो. पश्चिमेच्या उन्हात पिवळा रंग भडक होतो. भिंत खडबडीत असेल तर चकाकीचा रंग घेऊ नये, त्यात प्रत्येक उंचवटा दिसतो. बिनचकाकीचा रंग भिंतीचे दोष झाकतो. घरात लहान मूल असेल तर ओल्या फडक्याने पुसता येईल असे इमल्शन घ्यावे. डिस्टेंपर स्वस्त पडते पण पुसले की उतरते. आणि मुंबईच्या पावसाळ्यात रंगकाम काढू नका. भिंत ओल धरून असते आणि रंग फुगून त्याचे पापुद्रे निघतात.

सगळ्या भिंती रंगवायचे पैसे नसतील तर आत येताना समोर दिसणारी एकच भिंत रंगवा. पांढऱ्या घरात एक रंगीत भिंत छान उठून दिसते.

पडदा आणि प्रकाश

कमी पैशांत घराचे रूप पालटायचे असेल तर पडद्यांइतके दुसरे साधन नाही. आपण चूक करतो ती रॉडच्या जागेत. खिडकीच्या चौकटीलाच रॉड ठोकतो आणि पडदा खिडकीएवढाच करतो. त्यामुळे खिडकी लहान दिसते आणि उजेडही अडतो. रॉड चौकटीच्या वर चार ते सहा इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर घ्या. पडदा सरकवला की तो भिंतीवर जातो आणि पूर्ण खिडकी उघडी राहते. खिडकीही मोठी वाटते.

कापडाचा हिशेब असा. खिडकी सहा फूट रुंद असेल तर रॉड सात फूट, म्हणजे ८४ इंच. चुण्या चांगल्या पडण्यासाठी कापड रॉडच्या दुप्पट लागते, म्हणजे १६८ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर साडेतीन, म्हणजे चार पट्टे. पडद्याची लांबी सात फूट आणि दुमडीला एक फूट धरला तर चार पट्ट्यांना ३२ फूट, म्हणजे दहा मीटर कापड. हा हिशेब स्वतः करून दुकानात गेलात की दुकानदार चौदा मीटर गळ्यात मारू शकत नाही. कापड साधे सुती असले तरी चालते, पण शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा वर चढतो.

दिव्यांचे म्हणाल तर एलईडीच्या खोक्यावर एक आकडा आणि पुढे 'के' छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. ४००० म्हणजे मधला. ६५०० म्हणजे पांढरा लख्ख, ऑफिसात असतो तसा. आपण सगळीकडे ६५०० चाच दिवा लावतो आणि मग म्हणतो घर दवाखान्यासारखे वाटते! अभ्यासाच्या टेबलावर आणि ओट्यावर पांढरा किंवा मधला दिवा ठेवा. बसायच्या जागी, कोपऱ्यात, पिवळसर. एका खोलीत छताला एकच झगझगीत दिवा लावण्यापेक्षा दोन उंचीवर दोन मंद दिवे लावले तर खोलीला खोली येते.

भिंतीवर काय आणि किती उंचीवर?

आपल्याकडे तसबिरी छताजवळ, किंचित पुढे झुकवून लावायची पद्धत आहे. चाळीत ते ठीक होते, कारण खालची भिंत ट्रंकांनी आणि माणसांनी भरलेली असे. आता भिंत मोकळी आहे. चित्रप्रदर्शनात चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, कारण उभ्या माणसाची नजर साधारण तिथे पडते. बैठकीच्या वर तसबीर लावायची असेल तर पाठीच्या वर सहा ते आठ इंच अंतर पुरे.

महामानवांच्या प्रतिमांविषयी थोडे स्पष्ट लिहिते, वाचकांनी राग मानू नये. कित्येक घरांत एकाच भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या पाच-सहा प्रतिमा असतात. एक कॅलेंडरातून कापलेली, एक कार्यक्रमात मिळालेली, एक लुकलुकणाऱ्या दिव्यांची. मागे वायर लोंबते, पुढे प्लॅस्टिकच्या हारावर वर्षभराची धूळ. ज्यांच्याविषयी आपल्या मनात एवढा आदर त्यांच्या प्रतिमेला धुळीत का ठेवावे? एक चांगली, स्पष्ट प्रतिमा निवडा. साध्या लाकडी चौकटीत बसवा. खिडकीसमोरची भिंत टाळा, नाहीतर काचेत खिडकीच दिसते. भोवती भिंत मोकळी सोडा आणि शेजारी पुस्तकांचे कपाट ठेवा. मोकळ्या जागेने प्रतिमेचा मान वाढतो. बाकीच्या प्रतिमा जपून ठेवा, विहाराला द्या.

आणखी एक सूचना. नव्या उंच इमारतींत बऱ्याच ठिकाणी भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे हातोडीने खिळा जात नाही, नुसते पोपडे निघतात. ड्रिलवाल्याला बोलवा आणि सगळ्या जागा पेन्सिलने खुणा करून एकाच दिवशी भोके पाडून घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आतून वायर गेलेली असते. आणि कोणी कितीही म्हणो, मधली भिंत तोडून हॉल मोठा करू नका. अशा इमारतीत भिंतीही भार पेलतात.

लपवलेली वस्तू बाहेर काढा

आता त्या बोचक्याकडे येते. मी वहिनींना गोधड्या सोडायला लावल्या. "नको ताई, जुन्यापान्या आहेत," म्हणत त्यांनी सोडल्या. सगळ्यात खाली एक होती, सासूबाईंनी शिवलेली. गिरणीतून सुटून आल्यावर रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी बसून त्या टाके घालायच्या. जुन्या नऊवारींचे तुकडे, वर लाल-निळा-पिवळा चौकड्यांचा खेळ आणि चारी कडांनी मुंगीच्या रांगेसारखा धावदोरा. एकही टाका वाकडा नाही. मुलगी म्हणाली, "आई, ही आजीची? आम्हाला कधी दाखवली नाहीस."

अशा हातशिलाईच्या गोधड्या आज शहरातल्या झगमगत्या दुकानांत हजारो रुपयांना विकल्या जातात आणि आपण त्या दारामागे लपवतो! सासूबाईंची गोधडी आम्ही धुऊन, उन्हात वाळवून, वरच्या कडेला कापडाची पट्टी शिवून, लाकडी दांडीवर घातली आणि बैठकीच्या मागच्या भिंतीवर टांगली. थेट ऊन लागणार नाही अशी जागा निवडली, कारण उन्हाने रंग उडतात आणि जुने सूत विरते. चार लाखांच्या कॅटलॉगमध्ये असे एकही पान नव्हते.

गोणपाटातली पितळी भांडी निघाली. सगळीच मांडली तर पुन्हा गर्दी. म्हणून तीन निवडली. एक उंच कळशी, एक मध्यम तपेली, एक लहान गडू. तिन्ही एकत्र, वेगवेगळ्या उंचीची. विषम संख्येतल्या वस्तू डोळ्याला बऱ्या वाटतात. कळशीत मनीप्लँट लावला. पितळेत पाणी राहून डाग पडू नयेत म्हणून आत काचेची बरणी ठेवली. जुना लाकडी दिवाण विकायचा ठरला होता. त्याचे पाय सुताराकडून घट्ट करून घेतले, पॉलिश केले, नवा फोम घातला. बैठक तयार.

जे ठेवायचे नाही ते मात्र मोकळ्या मनाने काढा. शोकेसमधल्या फुटक्या बाहुल्या, बंद घड्याळ, लग्नात आलेले आठ एकसारखे लेमन सेट. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही आणि जिच्याशी आठवणही जोडलेली नाही, तिला घरात जागा अडवायचा हक्क नाही.

एकूण जमाखर्च

महिनाभरात वहिनींच्या घरी झालेला खर्च त्यांच्या परवानगीने देत आहे. हॉल आणि एका खोलीचे रंगकाम मजुरीसह ९,०००. पडद्यांचे कापड, शिलाई आणि रॉड ७,२००. दिवे २,६००. पुस्तकांचे कपाट आणि खिडकीपाशी अभ्यासाची फळी, सुतारकाम ८,५००. दिवाणाची दुरुस्ती आणि फोम ६,०००. तसबिरीच्या चौकटी २,४००. कुंड्या आणि रोपे ८००. एकूण ३६,५०० रुपये. कर्ज शून्य. तुमच्या गावी सुतार आणि रंगारी यांचे दर वेगळे असतील, पण प्रमाण लक्षात यावे म्हणून आकडे दिले.

चुकाही झाल्या, त्या लपवत नाही. पडद्याचे कापड मीच घाईने न भिजवता शिवायला टाकले आणि एका खिडकीचा पडदा पहिल्या धुण्यात दोन इंच वर गेला. वहिनींनी खाली लाल पट्टी जोडली. आता येणारे-जाणारे विचारतात, ही पट्टीची कल्पना कोणाची? चूक झाली म्हणून घर बिघडत नाही. घर काही परीक्षेचा पेपर नव्हे की एकदा लिहिले आणि गठ्ठ्यात गेले. पडदा बदलता येतो, भिंत पुन्हा रंगवता येते. एवढे मनाशी धरले की निम्मी भीती जाते.

मुलाचे मित्र आले होते. त्यांतल्या एकाने गोधडीसमोर उभे राहून फोटो काढला आणि विचारले, "कुठून घेतलीस रे?" मुलगा म्हणाला, "घेतली नाही. माझ्या आजीनं केलीय." वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. मला हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

परवा पुन्हा गेले तेव्हा दार उघडेच होते. मुलगी खिडकीपाशी अभ्यासाला बसलेली, भाऊ दिवाणावर पेपर वाचत. वहिनी मात्र घरात नव्हत्या. "आई शेजारी गेलीय," मुलगी म्हणाली, "त्यांना पडदे घ्यायचेत, म्हणून तिला बोलावलंय." मी शेजारच्या दारात डोकावले. हातात मोजपट्टी घेऊन वहिनी उभ्या होत्या आणि शेजारणीला ठासून सांगत होत्या, "आधी पंधरा दिवस काहीच घेऊ नका. राहून बघा."